उजव्या डोळ्याचं वय

ज्या वर्षी पद्माआत्या पन्नाशीला टेकता टेकता बोहल्यावर चढली, ते साल दोन हजार पन्नास. ओतार गल्लीत अजूनही त्या सालाचा आकडा कोणी सांगत नाही, "पद्मीच्या लग्नाच्या साली" असंच म्हणतात. कारण त्या लग्नात नवरीचं खरं वय साऱ्या वऱ्हाडासमोर उघडं पडलं होतं.

झालं ते असं. लग्नाच्या नोंदणी कचेरीत तेव्हा जन्माचे दाखले बघणं बंद झालं होतं. घरबसल्या कोणीही हुबेहूब दाखला बनवायला लागल्यावर सरकारने कागदावरचा विश्वासच काढून घेतला होता. त्याऐवजी टेबलावर दुर्बिणीसारखं एक नळकांडं असायचं. त्याला नेत्रघटी म्हणत. उजवा डोळा लावायचा, चार श्वास थांबायचं, की पडद्यावर वय उमटायचं. आत्याने सोयरिकीत चव्वेचाळीस सांगितले होते. पडद्यावर आलं, एकोणपन्नास वर्षं दोन महिने.

नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग इचलकरंजीचे यंत्रमागवाले नवरदेव डोळा चोळत पुढे आले, स्वतः नळकांड्याला डोळा लावला आणि म्हणाले, "माझेपण चार वर्षांनी कमी सांगितलेत. फिट्टंफाट झाली. वाजवा रे!"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने हसली ती आत्याची भाची शलाका. "यंत्र खोटं बोलत न्हाई, आत्या!" असं ती मांडवात ज्याला त्याला सांगत सुटली होती.

शलाका म्हणजे हणमंत ओताऱ्यांची पोरगी. घरात पितळेच्या घंटा ओतायचं काम, पिढ्यान्‌पिढ्या. पोरगी एकुलती एक, निदान तिला तरी तसंच माहीत होतं. अंगाने उंच, हाताला चटक्यांचे डाग, आणि आगीची भीती अशी नाहीच. म्हणूनच तिने राज्य आपदा दलाचा अर्ज भरला होता. आग लागली, इमारत कोसळली की आत शिरणारी ही माणसं. लेखी परीक्षा झाली, धावणं झालं, सत्तर किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन चार मजले उतरणं झालं. मुलींमध्ये ती तिसरी आली. आता फक्त वयाची तपासणी राहिली होती. एक जानेवारीला विशी पूर्ण झालेली नको, एवढाच नियम. तिचा जन्म चौदा मार्च दोन हजार एकतीसचा. म्हणजे अडीच महिन्यांनी ती आत बसत होती. पुढच्या भरतीला बसणार नव्हती.

दलाचं केंद्र पुण्याच्या अलीकडे एका उघड्या माळावर होतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे दीडशे पोरंपोरी रांगेत उभी होती. नेत्रघटीवर मुजावर मॅडम होत्या. बाई बोलक्या. रांग कंटाळली की त्या यंत्राची गोष्ट सांगायच्या.

"डोळ्यातलं भिंग कांद्यासारखं वाढतं बघा," त्या म्हणाल्या. "वरून थर चढत जातात. पण मधला गाभा आईच्या पोटात बनतो आणि मरेपर्यंत तोच राहतो. कातडी बदलते, रक्त बदलतं, हाडंसुद्धा हळूहळू नवी होतात. गाभा बदलत नाही. त्या गाभ्यातल्या प्रथिनांचे जे बारीक बारीक घटक असतात, ते सुरुवातीला सगळे डावे. हातमोजा कसा डाव्या हाताचा असतो, तसे. वर्षं जातात तसे त्यातले काही आपोआप उलटतात, उजव्या हातमोज्यासारखे होतात. ठरावीक वेगाने. डावे घटक प्रकाशाला एका बाजूला पिळतात, उजवे दुसऱ्या बाजूला. आपण डोळ्यात मंद प्रकाश सोडतो, तो किती पिळून परत येतो ते मोजतो, की झालं. चार महिने इकडे-तिकडे, त्याहून जास्त चूक नाही."

"आणि ताप आला असला तर?" मागून एकाने विचारलं. "उन्हात ते उलटायचं काम जोरात व्हत आसंल की."

"शहाणा आहेस. उष्णतेने वेग वाढतो खरा. पण दोन दिवसांच्या तापाने काय होतंय? माणसाचं अंग जन्मभर सदतीस अंशांवरच असतं. म्हणून तर हे घड्याळ चालतं. चला, पुढे."

शलाका पुढे झाली. नळकांड्याला उजवा डोळा लावला, डावा मिटला. चार श्वास. मुजावर मॅडमनी पडद्याकडे वाकून बघितलं. त्यांनी काच पुसली आणि पुन्हा डोळा लावायला सांगितला. पुन्हा चार श्वास.

पडद्यावर लाल आकडे होते. बावीस वर्षं पाच महिने.

"असं कसं?" शलाका म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे बघितलं नाही. "आत तुंगारे साहेबांना भेट," एवढंच म्हणाल्या. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, "ताई, पोरंबाळं काय करत्यात?" दोघेतिघे हसले. तिने वळून पाहिलं नाही.

तुंगारे साहेब पडताळणी अधिकारी होते. पन्नाशीचे, शांत, आवाज न चढवणारे. अशा माणसाची भीती जास्त वाटते. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला.

"तुझ्या आईवडिलांच्या नावावर जन्माच्या दोन नोंदी आहेत. पहिली, अबोली हणमंत ओतारी, अकरा मे दोन हजार अठ्ठावीस. दुसरी, शलाका हणमंत ओतारी, चौदा मार्च दोन हजार एकतीस. अबोली कुठे असते?"

"कोण अबोली?"

"तुझी थोरली बहीण."

"मला बहीण न्हाई, साहेब."

"तिच्या मृत्यूची नोंद नाही. म्हणजे ती आहे. आज तिचं वय बावीस वर्षं आठ महिने. यंत्र तुझं सांगतंय बावीस वर्षं पाच महिने. तीन महिन्यांचा फरक, तो यंत्राच्या मर्यादेत बसतो." त्यांनी चष्मा सारखा केला. "मी सतरा वर्षं हेच काम करतो, पोरी. धाकटं मूल जातं, त्याचा दाखला घरात पडून असतो. मग थोरल्याला धाकट्याच्या नावाने शाळेत घालतात. वय कमी दिसतं, पुढे नोकरीला बरं पडतं. तुला माहीतही नसेल. तू शलाका नाहीस. तू अबोली आहेस."

तिने पडद्यावरची दोन्ही नावं पुन्हा वाचली.

साहेबांनी एक छापील कागद पुढे सरकवला. "वयसत्य कायद्यात दोन वाटा आहेत. तुझ्या वडिलांनी ही कबुली सही करून दिली, तर तुझा अर्ज रद्द होईल आणि विषय संपेल. दुसरी वाट फेरमोजणीची. पण फेरमोजणी मागितली की कबुलीची सवलत गेली. आकडा तोच आला तर तुला जन्मभर कुठल्याच सरकारी भरतीला बसता येणार नाही आणि वडिलांना दोन वर्षं कैद. सात दिवस आहेत. घरी बोल."

एसटीत बसल्यावर तिने कागद वाचला. त्यात लिहिलं होतं: माझी धाकटी मुलगी शलाका ही लहानपणीच मरण पावली असून तिच्या दाखल्यावर मी माझी थोरली मुलगी अबोली हिला वाढवले. खाली सहीची जागा.

स्वतःच्या मरणाचा कागद मांडीवर घेऊन ती चार तास बसली होती.

आणि चार तासांत माणसाला काय काय आठवतं! पहिलीच्या वर्गात ती सगळ्यांपेक्षा वीतभर उंच होती. दुधाचे दात सर्वांच्या आधी पडले होते. घरात तिचा पाळण्यातला एकही फोटो नव्हता. आई म्हणायची, फोन पाण्यात पडला, सगळे फोटो गेले. आईने तिचा वाढदिवस कधी मनापासून केला नव्हता. आणि दर मे महिन्यात एक दिवस असा यायचा की आई कारण नसताना कोणाशी बोलायची नाही. इतकी वर्षं ती समजत होती की आईला ऊन सोसत नाही.

घरी पोचली तेव्हा आबा, म्हणजे तिचे वडील, भट्टीच्या पडवीत होते. आई, वैजयंताबाई, अंगणात ओतून आलेल्या घंटेच्या कडा कानशीने घासत होती. शलाका सरळ आत गेली. कपाटाच्या वरच्या फळीवर आईचा पत्र्याचा डबा असायचा. त्याला कोणी हात लावायचा नाही, असा घरातला न सांगितलेला नियम होता. तिने डबा काढला आणि पलंगावर उपडा केला.

लसीकरणाचं कार्ड निघालं. अबोली हणमंत ओतारी. शाळेत पहिलीला घाला म्हणून आलेलं पत्र. अबोली हणमंत ओतारी. आणि सर्वांत वर, अगदी कोरं, दोन हजार सेहेचाळीस सालचं: 'अबोली हणमंत ओतारी, अभिनंदन! आपण अठरा वर्षांच्या झालात. मतदार यादीत नाव नोंदवण्यासाठी वयाचा पुरावा घेऊन यावे.'

आई दारात उभी होती. हातात कानस तशीच.

"आई, मी कोण?"

"डबा ठेव."

"मी अबोली हाय का?"

वैजयंताबाई खाली बसल्या. त्यांनी कानशीवरचा पितळेचा कीस बोटाने झाडला. मग म्हणाल्या, "अबोली तुझ्या आधीची. सव्वा वर्षाची झाली होती. आम्ही घंटा घेऊन डोंगरच्या जत्रेला गेलो होतो. पालात उतरलो. तिला जुलाब लागले. दवाखाना डोंगराखाली, आणि ओढ्याला पूर. आबांनी तिला खांद्यावर घेतली, पर ओढा उतरंना." त्यांनी कानस खाली ठेवली. "ओढ्याच्या काठालाच करवंदीच्या जाळीजवळ पुरली. दीड वर्षानं तू झालीस."

"मग मेल्याची नोंद का न्हाई?"

"आबा दरवर्षी म्हणायचे, करून टाकू. मी म्हणायची, उद्या. मग ही पत्रं यायला लागली. तिला लस द्या. तिला शाळंत घाला. मला वाटायचं, कुणालातरी ठावं न्हाई ती गेल्याचं. कुठंतरी ती मोठी व्हायला लागलीया." त्यांनी मतदाराचं पत्र उचलून घडीवर घडी नीट बसवली. "खुळेपणा हाय, मला कळतंय की."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी शलाकाने आईला जवळ घेतलं असतं. पण पडद्यावरचे लाल आकडे तिच्या डोळ्यापुढून हलत नव्हते. तिच्या तोंडून निघून गेलं, "याला काय पुरावा?"

आईने मान वर केली. "काय म्हणालीस?"

"यंत्र म्हणतंय बावीस. यंत्र खोटं बोलत न्हाई."

"आणि मी बोलती? पोटात कोण होतं ते मला ठावं, का त्या नळकांड्याला?" वैजयंताबाई उठल्या. "आईला पुरावा मागतीस! जा, विचार जा त्याला, तुला दूध कुणी पाजलं ते!"

त्यानंतर दोन दिवस मायलेकी एकमेकींकडे बघून जेवल्या नाहीत. आबांनी कबुलीचा कागद तीनदा वाचला. त्यांना वाचायला वेळ लागे, ओठ हलवत वाचत.

"देतो सही करून," ते म्हणाले. "तुझ्या पायात बेडी पडाय नको."

"पर हे खोटं हाय ना, आबा? का खरं हाय?"

आबांनी लेकीकडे बघितलं. ओतलेल्या घंटेला चीर गेलेली दिसावी तसं ते बघणं होतं. "तू मलाबी विचारतीस?" एवढंच म्हणाले.

आतून आईचा आवाज आला, "सही केलीसा तर माझ्या घरात पाऊल टाकू नका! जितीला मेली लिहायची अन् मेलीला जिती! अशी कसली हो नोकरी?"

चौथ्या दिवशी एका देवळाची मोठी घंटा ओतायची होती. काम आधीच ठरलेलं, थांबवता येईना. मुशीत पितळ वितळत होतं. मूस म्हणजे धातू वितळवायचं मातीचं भांडं. घंटेचा आवाज चांगला यायला रस नेमका तयार व्हावा लागतो. कच्चा ओतला तर घंटा बद्द वाजते, जास्त तापला तर जस्त जळून जातं. काट्यावरचे अंश आबांना पटत नसत. त्यांच्या घरात रसाचा रंग डोळ्याने बघायचा, आणि तोही घरातल्या तरण्या डोळ्याने. सहा वर्षांची असल्यापासून ते काम शलाकाचं होतं.

"बघ गं," आबा म्हणाले. त्या भांडणानंतरचं तेवढंच बोलणं.

ती मुशीवर वाकली. धग तोंडावर आली. तिने नेहमीसारखी डाव्या डोळ्यावर तळहाताची झापड धरली, उजवा डोळा रसावर लावला. पांढुरका धूर, कडेला हिरवट झाक, मध्ये सोनेरी आरसा. "थांबा. थांबा... हं, घ्या."

रस साच्यात गेला. आबांनी पकड खाली ठेवली आणि घाम पुसला. शलाका मात्र हात डोळ्यावर तसाच ठेवून उभी होती.

"आबा, डावा डोळा का झाकायचा?"

"आता गं काय? आपली रीतच हाय. एक डोळा भट्टीचा, एक म्हातारपणाचा. माझ्या बापाचा उजवा चाळिशीत पांढरा झाला. डाव्यानं मरेपातूर पेपर वाचला त्यानं."

"उजवाच का पांढरा झाला?"

"धगीनं. सगळ्या ओताऱ्यांचा होतो."

तिला मुजावर मॅडमचं बोलणं आठवलं. अंग जन्मभर सदतीस अंशांवरच असतं. उष्णतेने वेग वाढतो खरा. तिने उजव्या पापणीवर बोट ठेवलं. पापणी गरम होती, तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखी. डाव्या पापणीवर ठेवलं. गार.

चौदा वर्षं. दिवसातून पाच-सहा वेळा. एकच डोळा.

पण हे खरं निघेल, याची खात्री कोण देणार? धगीने एका डोळ्याचं घड्याळ अडीच वर्षं पुढे पळेल, असं कुठल्या पुस्तकात लिहिलं होतं? तिने केंद्रात फोन लावला. मुजावर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"काचेच्या कारखान्यातल्या लोकांना मोतीबिंदू लवकर होतो, हे मला माहीत आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "आमचं यंत्र शिकलं ते शहरातल्या चाळीस हजार लोकांच्या डोळ्यांवर. त्यात ओतारी किती असतील? एकही नसेल. पण माझं वाटणं म्हणजे पुरावा नाही गं. आणि नियम उजव्याच डोळ्याचा आहे. डावा मोजायचा तर फेरमोजणी मागावी लागेल. अन् ती मागितलीस की..."

"कबुलीची वाट बंद."

"हो. आणि समजा तू खरंच बावीसची असलीस, तर डावाही बावीसच सांगणार. मग तुझे वडील आत जातील. विचार करून ये."

म्हणजे गोष्ट आता यंत्राची उरलीच नव्हती. डाव्या डोळ्याला यंत्र लावायचं म्हणजे आईच्या शब्दावर आबांना डावावर लावायचं. आई खरं बोलत असेल तर सुटका. दुःखाने आईने स्वतःचीच समजूत घालून घेतली असेल, एका पोरीला दुसरी म्हणून एवढी वर्षं वाढवलं असेल, तर आबा दोन वर्षं गजाआड.

सातव्या दिवशी तिघं केंद्रावर गेली. आबांनी पांढरा सदरा घातला होता. खिशात कबुलीचा कागद, आणि त्यावर त्यांनी सही करून ठेवली होती. वैजयंताबाईंना ते माहीत नव्हतं.

तुंगारे साहेबांनी विचारलं, "काय ठरलं?"

आबांचा हात खिशाकडे गेला. शलाकाने तो धरला. तळहाताला पकडीचे घट्टे होते. तिने आईकडे बघितलं. आई खुर्चीत ताठ बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, नजर भिंतीवर. पुन्हा एकदा पुरावा द्यायची तिची तयारी नव्हती.

"फेरमोजणी," शलाका म्हणाली. "दोन्ही डोळ्यांची."

"एका माणसाला दोन वयं नसतात," तुंगारे म्हणाले.

"पण ओताऱ्याला दोन डोळे वेगवेगळे असतात, साहेब. आधी आमच्या आबांचे बघा."

साहेबांनी भुवया वर केल्या, पण मुजावर मॅडमनी यंत्र पुढे सरकवलंच. आबांनी चप्पल काढून नळकांड्याला डोळा लावला, जणू देवळात शिरत होते. त्यांचं वय बावन्न. उजवा डोळा म्हणाला, एकसष्ट वर्षं. डावा म्हणाला, बावन्न.

आबाच म्हणाले, "म्हंजे मी पेन्शनीला आलो की ओ!"

मुजावर मॅडमना हसू आवरलं नाही. तुंगारे हसले नाहीत. "तुमचं सिद्ध झालं. मुलीचं व्हायचंय."

शलाका बसली. उजवा डोळा आधी. बावीस वर्षं पाच महिने, तेच लाल आकडे. मग मॅडमनी नळकांडं डाव्या बाजूला फिरवलं. ते त्या बाजूला फिरायची सवय नसल्यासारखं करकरलं.

पहिला श्वास. तिने उजवा डोळा मिटला. एकट्या डाव्या डोळ्याने बघायची तिला सवयच नव्हती. आतला मंद प्रकाश मऊ आणि स्वच्छ दिसत होता.

दुसरा. आबांच्या खिशात कागद चुरगळल्याचा आवाज.

तिसरा. तिला वाटलं, आकडा काहीही येवो, आपण उठून आधी आईच्या पाया पडायचं. मग तिला कळलं की आकडा यायच्या आत हे वाटलं, हे बरं झालं.

चौथा.

"एकोणीस वर्षं अकरा महिने," मुजावर मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी पडदा साहेबांकडे फिरवला. "दाखल्याशी एक महिन्याचा फरक. मर्यादेत आहे."

तुंगारे साहेबांनी आकडे दोनदा वाचले. चष्मा काढला. "सतरा वर्षांत मी किती जणांना परत पाठवलं असेन," ते हळूच म्हणाले. कोणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. वीटभट्टीवरची पोरं, लोहारांची पोरं, भडभुंज्यांची पोरं त्यांना आठवत असावीत. मग त्यांनी पडदा जवळ ओढला. "शलाका ओतारी, तुझं वय नियमात बसतं. तुझी निवड कायम राहते. पण एक ओळ अजून मोकळी आहे. तुझ्या कुटुंबात अबोली नावाची एक बावीस वर्षांची मुलगी कागदावर जिवंत आहे. ती नोंद तशीच राहिली, तर उद्या दुसरा अधिकारी पुन्हा हाच प्रश्न काढेल. तिचं काय ते आजच लिहावं लागेल. आईने सांगायचं, मी लिहितो."

शलाका उठली आणि आईच्या खुर्चीशी जमिनीवर बसली. "आई, नको वाटत असंल तर नको. मी दुसरं काय तरी बघीन."

तिने हे मनापासून म्हटलं होतं. वैजयंताबाईंनी लेकीच्या उजव्या डोळ्यावर, मग डाव्या डोळ्यावर अंगठा फिरवला.

"तुझ्या उजव्या डोळ्याला आता भट्टीपुढं आणायची न्हाई मी," त्या म्हणाल्या. "काट्यावर बघून ओता म्हणावं आबांना."

मग त्यांनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. तो त्या घरूनच घेऊन आल्या होत्या. लसीचं कार्ड, शाळेचं पत्र, मतदाराचं पत्र, एकेक करून टेबलावर ठेवलं. शेवटचं ठेवताना त्याच्या घडीवर क्षणभर हात राहिला.

"घ्या साहेब, लिहा," त्या म्हणाल्या. "ही पत्रं आता पाठवू नका म्हणावं."

तुंगारे साहेबांनी नाव विचारलं, वय विचारलं, तारीख विचारली. त्यांनी विचारायच्या आधीच वैजयंताबाईंना सगळं पाठ होतं. एकवीस वर्षांत त्यांनी ते एकदाही मोठ्याने म्हटलं नव्हतं, पण आवाज कुठे अडला नाही.

अबोली हणमंत ओतारी. वय एक वर्ष चार महिने, त्यात दोन दिवस कमी. नऊ सप्टेंबर दोन हजार एकोणतीस, रविवार, दिवस उगवायच्या वेळी, डोंगरच्या ओढ्याकाठी, बापाच्या खांद्यावर गेली.